साडूभाऊंचा ब्लफ आणि नानांची छक्की

धुळ्याचे साडूभाऊ स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवतात, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना तीन मुद्द्यांत सांगता येते. त्या हिवाळ्यात त्यांना पोकरचा नाद लागला होता. फोनवर व्हिडिओ बघून खेळ शिकले आणि ‘छोट्या टुर्नामेंटची स्ट्रॅटेजी’ या विषयावर मला जळगावला फोन करून व्याख्यानं देऊ लागले. मी कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. कंटाळा सहन करायची सवय असल्यामुळे मी ती सगळी ऐकली.

सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, चोपड्याजवळच्या शेतात भरीत पार्टी ठरली, तेव्हा साडूभाऊंनी पोकरची टुर्नामेंटच जाहीर केली. पैसे लावायचे नाहीत, हे सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. म्हणून ठरलं असं, की जो पहिला बाद होईल त्याने वांगी भाजायची आणि जो जिंकेल त्याने कशालाच हात लावायचा नाही. खेळायला नाना, त्यांचे कापडदुकानवाले मित्र शेठजी, साडूभाऊ आणि मी. चौघांच्या खेळाला टुर्नामेंट म्हणायला साडूभाऊंना लाज वाटली, म्हणून माझ्या बायकोलाही बसवलं.

निंबाखाली सतरंजी पसरली. सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या प्लॅस्टिकच्या चकत्या, वाटून साडूभाऊंनी नियम सांगितले. दोन पत्ते हातात, पाच हळूहळू जमिनीवर उघडायचे, ज्याची जोडणी मोठी तो जिंकला. पण जिंकायला मोठे पत्ते लागतातच असं नाही. समोरच्याला घाबरवून त्याचे पत्ते टाकायला लावले तरी चालतं.

“याला ब्लफ म्हणतात,” साडूभाऊ म्हणाले. “पण नवख्या माणसावर ब्लफ चालत नाही. तो घाबरतच नाही. त्याच्यासमोर चांगले पत्ते येईपर्यंत थांबायचं. पहिला तास तर झोपूनच काढायचा.”

हा सल्ला अचूक होता. तो त्यांनी स्वतः जेमतेम दहा मिनिटं पाळला.

जमिनीवर तीन बदाम उघडे पडले होते. साडूभाऊंनी चिप्सचा अर्धा ढीग पुढे सरकवला आणि नानांकडे रोखून बघितलं. पाच बदाम जमलेत, असं त्यांना भासवायचं होतं. शेठजींनी पत्ते टाकले. बायकोने टाकले. मीही टाकले. नानांनी मात्र तेवढ्याच चिप्स शांतपणे पुढे करत अहिराणीत म्हटलं,

“काय शे ते दखू तरी.”

साडूभाऊंकडे काहीच नव्हतं. नानांकडे छक्कीची जोडी होती.

“टेक्निकली नाना, तुम्ही इथे पत्ते टाकायला हवे होते,” साडूभाऊ म्हणाले.

“मंग तुमना पत्ता कोण दखतं?” नानांनी विचारलं.

त्यांचा प्रश्न खरा होता. ते दुसऱ्याचे पत्ते बघायलाच बसले होते आणि चिप्स हे त्यांच्या लेखी तिकीट होतं. एवढं मला कळलं, म्हणजे क्लास चालवणाऱ्या मास्तरांना कळायला हवंच होतं. पण मास्तरांचा अपमान झाला होता. पुढच्याच डावात त्यांनी उरलेल्या सगळ्या चिप्स नानांवरच लावल्या, सत्ती आणि दुर्री घेऊन. नानांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं आणि साडूभाऊ वांग्यांकडे गेले. जाता जाता मला म्हणाले, “मी मुद्दाम रिस्क घेतली. लवकर चिप्स डबल करायच्या असतात.”

मी मात्र त्यांच्या व्याख्यानाबरहुकूम खेळत होतो. वाईट पत्ते आले की टाकायचे, चांगले आले की भरपूर लावायचे आणि नानांना घाबरवायच्या भानगडीत पडायचं नाही. नाना दर वेळी बघायला येत आणि चिप्स ठेवून जात. एका डावात बायकोने प्रथमच पुढे होऊन सगळं लावलं. तिच्याकडे दोन राण्या होत्या, माझ्याकडे दोन एक्के. मीही तेवढंच लावलं, तिला सोडलं नाही. ती उठली आणि सासूबाईंबरोबर पुऱ्या लाटायला बसली. थोड्या वेळाने नानाही रिकामे झाले.

उरले शेठजी. ते दुपारभर जवळजवळ प्रत्येक डाव टाकत आले होते. न खेळताच आपण टिकलो, यावर ते खूष होते. पण दर फेरीला पत्ते न बघताच लावाव्या लागणाऱ्या चिप्स वाढत जातात आणि वाट बघणाऱ्याला त्याच संपवतात. मी प्रत्येक डावात सगळं लावायला लागलो. शेठजी पत्ते टाकत राहिले आणि बारीक होत गेले. शेवटी एक एक्का आला तेव्हा त्यांनी उरलेलं सगळं ठेवलं, माझ्या नश्शीच्या जोडीसमोर. एक्क्याला जोड मिळाली नाही.

मी जिंकलो. कपाशीच्या काड्यांच्या धुरातून फक्त साडूभाऊ ओरडले, “माझीच स्ट्रॅटेजी!”

नानांनी माझ्यासमोरचा चिप्सचा ढीग बघितला. मग म्हणाले, “जावईबापू, तुम्ही पत्ता खेळतस का बँकमा बठेल शेतस?”

जेवणं झाली. त्यानंतर नानांनी आपला जुना, कडा मऊ पडलेला कॅट काढला आणि मेंढीकोट मांडला. त्याला चौघंच लागतात. माझ्याखेरीज बाकीचे चौघं बसले. मला कुणी ऊठ म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही. बायकोने साडूभाऊंची दश्शी पकडली तेव्हा साडूभाऊ तोंडाला काजळी लागलेल्या अवस्थेत एवढे हसले की शेठजींना ठसका लागला.

जळगावला, पिंप्राळ्यातल्या घरी परतताना बायको गाडीत म्हणाली, “दोन राण्या आल्या होत्या मला.”

“तसाच खेळ असतो तो,” मी म्हणालो.

“असेल,” ती म्हणाली आणि खिडकीची काच वर केली.

पुढच्या महिन्यात शेतात पुन्हा भरीत झालं. मला त्या दिवशी पेपर तपासायचे आहेत, असं सगळ्यांनी मिळून माझ्या वतीने ठरवून टाकलं होतं. मला ते फॅमिली ग्रुपवरच्या फोटोतून कळलं. सतरंजीवर नाना, शेठजी, साडूभाऊ आणि आईला भेटून येते म्हणून गेलेली माझी बायको.

संध्याकाळी तिने माझ्यासाठी डब्यात भरीत आणलं. नानांनी स्वतः भाजलं होतं म्हणे. मी सगळं खाल्लं.