देवाशी बोलणं चालू असलेली माणसं

कुठल्याही प्रार्थनासभेत चार-पाच वर्षं नेमानं जा, भक्ती वाढेल की नाही सांगता येत नाही, किस्से मात्र वाढतात! आमची सभा पांडेसऱ्याला रूथमावशींच्या चाळीत, पुढच्या खोलीत भरायची. दर गुरुवारी संध्याकाळी. सगळे मराठी ख्रिस्ती. कोणी नगरकडचे, कोणी जालन्याचे, बरेचसे नंदुरबार-नवापूरचे. पोटासाठी सुरतेत आलेले, कोणी लूमवर, कोणी डाइंग मिलमध्ये.

गीतं झाली की साक्ष द्यायची. म्हणजे या आठवड्यात देव आपल्याशी काय बोलला, ते उभं राहून सांगायचं. आणि देव आमच्याशी फार बोलायचा हो! वांगी कुठल्या हातगाडीवरून घ्यायची, हेसुद्धा तो रूथमावशींना सांगायचा. याकोबकाका आमच्या सभेचे वडील, मिलमध्ये स्टोअरकीपर. त्यांच्याशी तर तो रोज सकाळी चहाच्या आधी बोलायचा. मीही मागे नव्हतो. "प्रभूनं मला या आठवड्यात राग आवरायला शिकवलं," असं एकदा मी सांगितलं, तर बायकोला एवढा ठसका लागला की पाणी आणावं लागलं.

*

चौऱ्याण्णवची, प्लेगच्या सालची गोष्ट. शहर भराभरा रिकामं होत होतं. गुरुवारी काकांनी तासभर प्रवचन झोडलं. "देव आपली ढाल आहे. विश्वास असेल तो जागचा हलणार नाही!" आम्ही जोरात आमेन म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मी बायकोला गाडीत बसवायला उधना स्टेशनवर गेलो. (खरं सांगायचं तर माझीही पिशवी भरलेली होती.) बघतो तर फलाटावर काका! सोबत काकू, सून, नातवंडं, दोन ट्रंका आणि प्रेशर कुकर.

"काका, तुम्ही?"

"प्रभू म्हणाला, निघ!"

"आम्हाला काहीच नाही बोलला!"

"तू उशिरा उठतोस," असं म्हणून काकांनी कुकर खिडकीतून आत सारला.

*

आमच्यातली एक सुमनताई तेवढी राहिली. तिचा नवरा दाविद किडनीच्या दुखण्यानं खाटेवर होता, त्याला हलवायची सोय नव्हती. गल्लीतला डॉक्टरही दवाखान्याला कुलूप लावून गेलेला. आम्ही पंधरा दिवसांनी परत आलो, तेव्हा दाविद नव्हता. त्याला मातीसुद्धा शेजारच्या गुजराती लोकांनी दिली.

त्यानंतरच्या सभेत साक्षींचा पूर आला. देवानं मला वाचवलं, देवानं माझ्या लेकरांना वाचवलं! मग सुमनताईची पाळी आली. ती उभी राहिली आणि एकदम तिच्या घरच्या अहिराणीत बोलली, "मनासंगे तो काहीच बोलना नही."

रूथमावशींनी गीतांचं पुस्तक मिटलं.

"आधी बोलायचा," ती म्हणाली. "आता हाक मारते तर पलीकडे कोणी आहे असं वाटतच नाही. मला तो परत पाहिजे. काय करू मी?"

असा प्रश्न आमच्या सभेत कधी कोणी विचारलाच नव्हता.

"आमेन," रूथमावशी सवयीनं म्हणाल्या.

*

मग तिच्यावर उपचार सुरू झाले! काकांनी तीन दिवसांचा कडक उपास सांगितला. देखरेखीला रूथमावशी. दुसऱ्या दिवशी दुपारी काका चौकशीला गेले, तर सुमनताईच्या पुढ्यात साबुदाण्याच्या खिचडीचं ताट. वर दाण्याचं कूट, बाजूला दही.

"अहो मावशी, उपास आहे ना तिचा?"

"मग? उपासाचंच केलंय!"

आमच्यातल्या कैक घरांत प्रभू येऊन तीन पिढ्या झाल्या, पण साबुदाणा काही गेला नाही. काकांनी दोन्ही बायांना ख्रिस्ती उपास म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. तोवर ताट त्यांच्याकडे सरकलं होतं आणि रिकामंही झालं होतं.

*

उपासानं भागेना, तेव्हा काका म्हणाले, "एकांत पाहिजे. येशूसुद्धा अरण्यात गेला." पांडेसऱ्यात कुठला एकांत? रात्रंदिवस लूमचा खडखडाट. म्हणून शहराबाहेर कामरेजला कोणाच्या तरी ओळखीच्या शेतावर तिला न्यायचं ठरलं. टेम्पो केला. सुमनताईला एकांत द्यायला आम्ही सतरा माणसं गेलो! सोबत ढोलकी, दोन डबे पुऱ्या, आणि माझी पेटी.

आंब्याखाली तिला बसवलं. चारी बाजूंनी आम्ही गीतं म्हणत होतो. मध्येच कोणीतरी उठून तिच्या कानाशी जाऊन विचारायचं, "काही ऐकू आलं का?"

संध्याकाळी टेम्पोत चढताना ती मला म्हणाली, "भाऊ, तो बोलायला आला जरी असता, तरी त्याला तोंड उघडायला कुठं मिळालं असतं?"

मी पेटीवर काही वाजवायला नको होतं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

*

शेवटचा इलाज, पाप शोधणं. काकांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "सुमन, आठव. मनात लपवलेलं काही पाप आहे का? त्याशिवाय देव असा गप्प बसत नाही."

ती प्रामाणिक बाई. आठवून म्हणाली, "हे गेले त्या दिवशी मी एका माणसाला खूप शिव्या दिल्या. मनातल्या मनात."

"मग त्याच्याकडे जाऊन क्षमा माग!"

"तुम्हालाच दिल्या, काका. तुम्ही गावाला गेलात म्हणून."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एवढं चालतं," ते म्हणाले, आणि पुढचं गीत सांगितलं.

पण मनात राहिलंच असणार. पुढच्याच गुरुवारी त्यांनी जाहीर केलं, की ज्याला देवाची साक्ष नाही, त्यानं प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वाटतात ती, भाकर घेऊ नये. नाव घेतलं नाही. सगळ्यांनी सुमनताईकडे बघितलं. मीसुद्धा बघितलं, आणि गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

*

ईस्टरच्या आधीचा तो गुरुवार. प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट हातात घेऊन काका उभे राहिले. "या आठवड्यात देव ज्यांच्याशी बोलला, त्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात वर. माझाही. सुमनताईचे हात मांडीवर.

काका ताट घेऊन थेट तिच्यापाशी आले आणि थांबले. "तुझ्याशी नाही ना बोलला?"

"नाही."

"मग सुमन, तू येतेस तरी कशाला?"

ती रागावली नाही, रडलीही नाही. "काका, तुम्ही एवढी सगळी माणसं त्याच्याशी बोलताय," ती म्हणाली. "तुमचं झालं की तो मोकळा होईल. तोवर मी बसते. घरी गेले आणि तो इथं आला तर?"

रूथमावशींनी पदर सावरायच्या निमित्तानं हात खाली घेतला. मग माझा खाली आला. मग एकेकाचा.

काकांनी खोलीभर नजर फिरवली. एकही हात वर नव्हता.

"सुमन," ते म्हणाले, "जरा सरक." आणि ताटासकट सतरंजीवर तिच्या शेजारी बसले.