जाळ्याखालची कादंबरी

परवा सुनेनं मेथ्या भिजत घातल्या आणि त्या कडसर वासासरशी मी पन्नासच्या दशकातल्या चांद्यात, तळ्याकाठच्या भिवराबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तिच्याकडे भाड्यानं राहणारे, गोदावरीपलीकडून आलेले कादंबरीकार नुकतेच वारले होते. ग्रंथालयात नवीनच लागलेली मी त्यांचे खर्डे आणि पत्रं न्यायला गेले, तर ते सगळं मेथ्यांसोबत घंगाळात भिजत पडलेलं! कुटून, लगदा करून भिवराबाई त्यानं टोपल्या लिंपणार होती.

“मले का मालूम बाई, मले तं रद्दीच वाटली,” ती कावरीबावरी झाली.

मी एक पान अलगद सोडवलं. कादंबरीकार सारं शिसपेनीनंच लिहीत, त्यामुळे पाण्यात काही फुटलं नव्हतं. “अक्षर न् अक्षर वाचता येतंय!” मी ओरडले.

“वाचता येते म्हन्ता? मंग पाहून का राह्यल्या? वाळू घाला!” भिवराबाई म्हणाली.

आम्ही पानं अंगणभर पसरली, तोच तळ्यावरून वारा सुटला. तिनं मासे धरायचं जाळं त्यांच्यावर फेकलं. पानं आत फडफडली, पण एकही सुटलं नाही.

आजही कधी ग्रंथालयात गेले, की ती पानं पाहताना पोरं विचारतात, कागदावर हे चौकटीचे ठसे कसले? मी ताठ मानेनं सांगते, “आमच्या भिवराबाईची सही आहे ती.”