फ्लॉपी बदला आणि एंटर दाबा

आमच्या पेणच्या घरी कॉम्प्युटर आला तो धाकट्या दिरांच्या हट्टापायी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. भावोजी नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करायचे आणि उरलेला वेळ लिनक्सला वाहायचे.

"विंडोज माणसाला कुकुलं बाळ समजतं, वहिनी. पुसू का, नक्की ना, परत एकदा सांगा, असं विचारत बसतं. लिनक्स तुम्हाला शहाणं समजतं. जबाबदारी आपली!"

"घरात शहाणी माणसं किती, ते आधी मोजा," मी म्हणायचे.

भावोजींची बायको, म्हणजे माझी जाऊ, रोह्याजवळच्या वरशाची; ते तिचं माहेर. तिथल्या बायकांनी कोजागिरीला नाटुकलं बसवायचं ठरवलं आणि लिहायचं काम तिच्या गळ्यात घातलं. तिने सासूसुनेच्या भांडणाचं एक धमाल प्रकरण थेट कॉम्प्युटरवर लिहिलं, तेही इंग्रजी अक्षरांत मराठी, कारण त्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. प्रिंटर नव्हता. दसऱ्यानंतर वरशाला जाऊन सगळ्यांना वाचून दाखवायचं, असं तिने कबूल केलं होतं.

भावोजींना दसऱ्याच्या मुहूर्तावर लिनक्सची नवी आवृत्ती घालायची होती. त्यासाठी डिस्क कोरी करावी लागणार होती. म्हणून आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी फ्लॉप्यांवर बॅकअप सुरू केला आणि कंपनीची बस आली म्हणून पळाले. जाताना जावेला सांगितलं, "ते फ्लॉपी मागेल. बदल आणि एंटर दाब. बास."

तेवढ्यात सासूबाई विळी, कोयता, पाने-पकडी गोळा करत आल्या आणि टेबलावरच्या कोऱ्या फ्लॉप्याही उचलून पूजेच्या पाटावर ठेवल्या.

"आई, त्या लागतायत मला!"

"यंत्राचंच सामान ना गो? मग पूजेला नको? आता हळदकुंकू लागलं, उद्यापर्यंत हलवायचं नाय."

यंत्राने दुसरी फ्लॉपी तयार करायला सांगितलं. जावेने पाटाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि आत होती तीच फ्लॉपी ठेवून एंटर दाबलं. यंत्र कुरकुरलं आणि कामाला लागलं. तिसरी मागितली, तेव्हाही तेच.

दसऱ्याला भावोजींनी डिस्क कोरी केली, नवं लिनक्स घातलं, सोनं वाटलं आणि मग म्हणाले, "आण फ्लॉप्या."

जावेने एक आणली.

"बाकीच्या?"

"पूजेत होत्या. एकीवरच मावलं सगळं."

भावोजी खुर्चीत बसले ते बसलेच. "अगं, तू पहिलीवर दुसरी लिहिलीस, दुसरीवर तिसरी!"

"मग त्याने नको का म्हटलं नाही? तयार करा म्हणाला. तयार तर होत्याच, कुंकू लावून!"

"बदलायची जबाबदारी आपली असते!"

"बाळ समजलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हटलं. जाऊ रडायच्या बेतात होती, पण भावोजींचा चेहरा बघून मला हसू फुटलं, मग तिलाही. सासूबाई विचारत होत्या, काय झालं गो, आणि आम्हाला सांगता येईना.

भावोजींनी फ्लॉपीवर उरलेलं जसंच्या तसं पडद्यावर ओतलं. चिन्हांच्या कचऱ्यानंतर अचानक वाक्य उगवलं, तेही अर्धं: "...आणि वर म्हणते मीठ कमी!" तिथून शेवटपर्यंत नाटक शाबूत होतं. सुरुवातीचं अर्धं मात्र गेलं ते गेलंच. आठवून लिहायला जाऊ बसली, पण नवं काही जुन्याइतकं जमेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं, "ताई, आहे तिथूनच सुरू केलं तर?"

भावोजींनी दरम्यान एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो प्रत्येक वेळी विचारायचा, फ्लॉपी नक्की बदलली का? जावेने न बदलता तीनदा 'हो' लिहून दाखवलं. वरशाला न्यायची प्रत मी हाताने कागदावर उतरवली.

कोजागिरीला वरशाच्या अंगणात पडदा म्हणून धरलेली चादर बाजूला झाली आणि सून झालेली बाई आधीचं काहीएक न सांगता कंबरेवर हात ठेवून ओरडली, "आणि वर म्हणते मीठ कमी!"

पहिल्या रांगेतली एक म्हातारी ताडकन म्हणाली, "कमीच असंल! चाखलंस का तू?"

सगळं अंगण उसळलं. नटीला पुढचं वाक्य आठवेना, म्हणून ती म्हातारीशीच भांडत बसली. जाऊ चादरीमागून मला चिमटे काढत कुजबुजत होती, "ताई, हे मी नाही लिहिलं! हे मी नाही लिहिलं!"