कुलूपबंद दालनातून गेलेला संगणक

सेवेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला. पुष्कळ गुन्हे आणि पुष्कळ चेहरे विस्मृतीत गेले; परंतु हैदराबादेतल्या त्या संगणकाचे प्रकरण मनातून गेलेले नाही. ईश्वरकृपेने त्याचा शेवट चांगला झाला, आणि कदाचित म्हणूनच ते आठवले की अजूनही हायसे वाटते. संबंधितांपैकी कोणाचेही नाव येथे देत नाही.

उदारीकरणाचे आरंभीचे दिवस होते. मी शहराच्या मध्यभागातील एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. तोवर आमच्या ठाण्याचा संबंध सायकलचोर, खिसेकापू, घरमालक-भाडेकरूंचे तंटे आणि मिरवणुकांचा बंदोबस्त यांच्याशी. अशात नारायणगुड्याच्या एका इमारतीत, पुण्याहून आलेल्या एका तरुण अभियंत्याने सॉफ्टवेअर लिहून परदेशी पाठवण्याची कंपनी काढली. अशा कंपन्यांना सरकारने एक सवलत दिली होती. परदेशातून आणलेल्या संगणकावरचे आयातशुल्क माफ. मात्र ते यंत्र ठरवून दिलेल्या दालनातच राहिले पाहिजे आणि निर्यातीच्या कामालाच वापरले पाहिजे. मालकाने कस्टम्स खात्याला तसा बाँड लिहून द्यायचा. लेखी परवानगीविना यंत्र उंबरठ्याबाहेर गेले तर सवलत संपली. आणि त्यात फसवणुकीचा हेतू दिसला तर कंपनीला टाळे आणि मालक तुरुंगात.

खबर आणली ती त्या इमारतीसमोरच्या पानवाल्याने. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. तो आत येऊन हलक्या आवाजात म्हणाला,

“साब, कंप्यूटर का बड़ा डब्बा था. पीछे के दरवाजे से निकाले, ऑटो में डाले, जामबाग की तरफ लेके गए. हक का माल रैता तो सामने से नै निकालते क्या?”

खबऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले बहुधा खरे असते. त्याने त्याचा लावलेला अर्थ मात्र तपासून घ्यावा, असा माझा नेम होता. स्टेशन डायरीत नोंद केली आणि वाट पाहिली.

फार वाट पाहावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी कस्टम्सचे सुपरिटेंडंट लेखी तक्रार घेऊन स्वतः ठाण्यात आले. तेलुगू गृहस्थ, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, स्वभावाने कडक. पानवाल्याने ऑटो पाहिला त्याच सकाळी ते दालनाच्या अचानक तपासणीस गेले होते. एक टेबल रिकामे दिसले. मालक म्हणाला, “दुरुस्तीला पाठवलाय.” संध्याकाळी यंत्र परत जागेवर, सोबत कोठी बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानाची पावती.

“इन्स्पेक्टर गारू,” सुपरिटेंडंट म्हणाले, “यंत्र परवाच आले. नव्या नवरीला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेतात का?”

त्यांचा संशय स्पष्ट होता. डबा तोच परत आला, पण आतले महागडे भाग बाजारात गेले. त्या काळी संगणकाची मेमरी सोन्यासारखी विकली जाई. जागी स्वस्त भाग घातले तरी यंत्र चालू राहते आणि वरून काही कळत नाही.

मी हेड कॉन्स्टेबलला कोठीला पाठवले. चहा संपण्यापूर्वीच दुकानदाराने सांगून टाकले की यंत्र त्याने पाहिलेदेखील नाही. कंपनीचे करसल्लागार ओळखीचे म्हणून पावती तेवढी फाडून दिली. खोटा दस्तऐवज झाला. गुन्हा नोंदवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या तरुणास चौकशीसाठी बोलावले, तेव्हा सल्लागारही मागोमाग आले. इस्त्रीचा सफारी, हातात चामडी बॅग.

“साब, आप फिकर नक्को करो,” ते खुर्ची ओढत म्हणाले. “ये पूरा टेक्निकल मॅटर है.”

“असेल,” मी म्हणालो. “पण पावती खोटी आहे. ती कोणत्याही मॅटरमध्ये खोटीच राहते. आपण जरा बाहेर बसा.”

तरुण एकटा राहिला. तिशीचा असेल. दाढी वाढलेली, शर्ट मात्र स्वच्छ. मी त्यास क्रमाने विचारत गेलो. चोरीचा माल विकलेला मनुष्य एका प्रश्नाला हटकून बिचकतो: कोणाला विकला? या मुलाला मी तो प्रश्न विचारला तेव्हा त्याने सरळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “विकला नाही, साहेब.” आवाज कापला नाही. मग विचारले, “ऑटो जामबागेत कुठे थांबला?” तो जमिनीकडे पाहू लागला. “घरी कोण कोण असते?” हा तर साधा, नोंदीपुरता प्रश्न. त्यावर त्याने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

“आई असते,” तो म्हणाला. “पण तिचा यात काय संबंध?”

मी संबंध विचारलाच नव्हता. ज्या ठिकाणी मनुष्य न विचारलेल्याचे उत्तर देतो, तेथे थोडे खणावे. परंतु त्यास अधिक पिळण्यापेक्षा यंत्रच पाहावे असे मी ठरवले.

सुपरिटेंडंट, तो तरुण, माझा एक कॉन्स्टेबल आणि मी असे दालनात गेलो. त्या काळी धूळ जाऊ नये म्हणून संगणकाच्या खोलीबाहेर पादत्राणे काढावी लागत. आत गाभाऱ्यासारखा गारवा. काम करणारी मुलेमुली उठून उभी राहिली. त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होते की उद्या ही खोली उघडेल की नाही हे त्यांना ठाऊक नाही.

यंत्राची पुढची बाजू आरशासारखी पुसलेली होती. शेजारच्या यंत्रांवर बोटांचे डाग आणि हे एकच इतके लखलखीत, हे मला खटकले. मी ते वळवायला सांगितले. मागच्या बाजूस हवा खेळण्यासाठी जाळी होती. तिच्या फटींत काही अडकले होते. मी वाकलो. चंदनाचा मंद वास आला. जाळीत पिवळसर दाणे होते.

“हे काय आहे?”

“तांदूळ, साहेब.”

“नुसतेच तांदूळ?”

त्याने यंत्र पुन्हा वळवायला हात पुढे केला.

“कोठीच्या दुरुस्तीवाल्याने अक्षता टाकल्या का?”

माझ्या कॉन्स्टेबलने तोंड भिंतीकडे फिरवले. सुपरिटेंडंट पुढे आले, त्यांनीही वाकून पाहिले, आणि इतका वेळ कडक असलेल्या त्या गृहस्थांच्या तोंडून केवळ “अय्यो!” एवढेच निघाले.

तरुण पुढे आला. “साहेब, काय शिक्षा करायची ती मला करा. आईचं नाव कागदावर येऊ देऊ नका.”

कायद्याप्रमाणे स्त्रीचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा लागतो. विद्यानगरमधील त्यांच्या घरी मी लेखनिकाला घेऊन गेलो. मातोश्रींनी आम्हाला बसवले, पाणी दिले, आणि प्रश्न ऐकून घेण्यापूर्वीच बोलू लागल्या.

“मी सांगितलं त्याला. नवीन यंत्र, परदेशातून आलेलं, त्यावर एवढ्या पोरांचं पोट. साधी गाडी घेतली तरी आपण देवळापुढे उभी करतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. हे तसंच कामाला जुंपायचं?”

“पुजाऱ्यांना कार्यालयात बोलावता आले असते.”

“बोलावलं होतं. ते म्हणाले, दर्शनाची गर्दी सोडून येत नाही, यंत्रच इकडे आणा. मग राहुकाळ लागायच्या आत निघायला हवं होतं. मागचं दार पूर्वेला, म्हणून तिथून काढलं. यात चुकलं काय?”

“परवानगी घ्यायची होती, आई. बाँड होता.”

“देवाकडे जायला परवानगी?” त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू प्रश्न मीच चुकीचा विचारला होता. मग त्यांचा स्वर उतरला. “आणि तो काय म्हणाला तुम्हाला? दुरुस्तीला नेलं म्हणून? खोटं बोलला?”

“हो.”

“गाढव आहे,” त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. “मला सांगितलं असतं तर मीच आले असते तुमच्या चौकीवर.”

आता उलगडा झाला होता. तपासणीचे अधिकारी दारात उभे राहिले तेव्हा यंत्र देवापुढे होते. परदेशी ग्राहकांशी इंग्रजीत व्यवहार करणाऱ्या त्या अभियंत्याला ते सांगण्याची लाज वाटली, आईला ओढले जाईल असे भय वाटले, आणि सल्लागारांनी दुरुस्तीची वाट सुचवली.

परंतु माझी श्रद्धा हा पुरावा नव्हे, आणि आईचे अश्रूही नव्हेत. पूजेला नेले म्हणून वाटेत भाग काढले नाहीत असे सिद्ध होत नाही. मला वाटले म्हणून मी ते सोडले असते, तर सुपरिटेंडंटांनी ते का मानावे? म्हणून मी जामबागेतल्या त्या देवळात जाऊन पुजाऱ्यांना भेटलो. वयोवृद्ध, बोलण्यात काटकसर करणारे. ते म्हणाले, “खोका माझ्यासमोर फोडला. वाहन असो की यंत्र, जिथे दोन भाग जुळतात तिथे आम्ही गंध-कुंकू लावतो. सांधा टिकावा म्हणून. मागच्या प्रत्येक स्क्रूवर मी बोट टेकवले आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन पंचांसमक्ष आणि विद्यापीठातील एका प्राध्यापकांच्या साहाय्याने, यंत्राचा पंचनामा केला. मालकाने पूजेच्या खुणा लपवण्यासाठी पुढची बाजू पुसली होती. मागे त्याचा हात गेला नव्हता. प्रत्येक स्क्रूच्या खाचेत गंध वाळून दगडासारखे झाले होते. झाकणाच्या सांध्यावरची कुंकवाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती. म्हणजे पूजेनंतर पेचकस त्या यंत्राला लागलाच नव्हता, आणि पूजेपूर्वी ते खोक्यातच बंद होते. प्राध्यापकांना खाचेतील गंध टाचणीने कोरून काढावे लागले, तेव्हा कुठे झाकण उघडले. आतले सर्व भाग आयातीच्या कागदांशी तंतोतंत जुळले.

दालनात कोणीतरी मोठा श्वास सोडला. तो मालकाचा की माझा, हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

सुपरिटेंडंटांनी चष्मा पुसला. “मागच्या आठवड्यात माझी स्कूटर मी देवळात नेली होती,” ते म्हणाले. मग लगेच सावरून, “पण स्कूटरवर बाँड नव्हता. आणि नारळ फोडायला यंत्र बाहेर न्यावे, असे कलम आमच्या कायद्यात नाही.”

“मग त्याला काय शिक्षा?”

“नियम मोडला, त्याचा दंड होईल. सवलत राहील. चोर नाही तो. मूर्ख आहे, मूर्खपणावर आम्ही शुल्क आकारत नाही.”

तसेच घडले. खात्याने दंड करून कंपनीची परवानगी कायम ठेवली. मी न्यायालयात वस्तुस्थितीचा अहवाल सादर केला. खोट्या पावतीची कबुली त्या तरुणाने उभे राहून स्वतः दिली. न्यायाधीशांनी तीही दंडावर निकालात काढली. सल्लागारांनी मात्र पुढे आमच्या ठाण्याची पायरी चढण्याचे टाळले. पुढच्या यंत्राच्या वेळी कंपनीने रीतसर अर्ज केला, सुपरिटेंडंटांनी मंजुरी दिली, आणि पुजारी कसे कोण जाणे राजी होऊन दालनात आले. मातोश्रींनी त्यांना काय सांगितले असेल, याची मी कल्पना करू शकतो.

पाठशाळेत आमचे गुरुजी अनुमान शिकवताना म्हणत, धूर दिसला की अग्नी आहे असे जाणावे. मात्र आधी तो धूरच आहे, धुके नव्हे, याची खात्री करावी. या प्रकरणात आम्हा सर्वांना धूर दिसत होता. वास्तविक ते धुके होते, आणि ते त्या मुलाने संकोचापोटी स्वतःच उभे केले होते. त्याच्या मूळ चुकीला दंड पुरेसा होता. तुरुंगाच्या दारापर्यंत त्याला नेले ते पावतीने.

आता वृत्तपत्रांत मोठमोठ्या कंपन्यांचे आयातशुल्क, कर आणि पेटंट यांवरून सरकारशी चाललेले वाद वाचतो. कलमाच्या अर्थावर भांडावे, अवश्य भांडावे; न्यायालये त्यासाठीच आहेत. परंतु काय घडले ते आधी जसेच्या तसे सांगावे आणि मग भांडावे. लोक हसतील, अधिकारी हसतील, या भयाने मोठमोठी माणसे असत्याचा आश्रय घेताना मी पाहिली. हसे झालेला मनुष्य सायंकाळी आपल्या घरी जेवायला जातो. असत्य सापडलेल्यास ते भाग्य लाभतेच असे नाही.