पाण्याआधीचा चहा

दौलतभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्यावर चिडूनच बसले होते. सकाळपासून चार वेळा फोन लावला, उचलतील तर शपथ. पाचव्यांदा त्यांच्या सुनेने उचलला आणि म्हणाली, "बाई, बाबा गेले... आज पहाटेच." मी फोन कशासाठी करत होते, हे तिला काय सांगणार? वरच्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी आमच्या शेताला मिळेल, एवढं एकदाचं कागदावर लिहून द्या, हेच मला पुन्हा म्हणायचं होतं.

गोंडपिपरीच्या अलीकडे धानाच्या सहा बांध्या, म्हणजे बांध घातलेले तुकडे, आणि कडेला घरापुरती उंच जागा, असं ते शेत. भाऊंचे गुडघे गेले होते, मुलगा चंद्रपुरात नोकरीला. चिखलात उभं राहणारं घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते मला विकलं. मी शाळेतून निवृत्त झालेली. वडिलांच्या सातबाऱ्यावर नाव लागल्यामुळे मी कायद्याने शेतकरी, बाकी शेतीतलं शून्य. पण कागदातलं सगळं कळतं, हा माझा तोरा. मोजणी करून घेतली, फेरफारासाठी तलाठ्याच्या मागे लागले, घराच्या जागेचे चारही कोपरे दगड रोवून पक्के केले. भाऊ मोहाच्या झाडाखाली तंबाखू मळत बघत असायचे. "बाई, तुमी बहुत लिवता," असं एकदा म्हणाले. मला ती तारीफ वाटली.

शेत विकलं तरी माणूस रोज सकाळी हजर. कोणती बांधी पाणी धरते, कोणती दोन दिवसांत कोरडी पडते, हे अनवाणी फिरत पायानेच सांगायचे. लुचई धानाचं बियाणं स्वतः निवडून आणून दिलं. उपकार मोठे, पण सरळ उत्तर म्हणून द्यायचे नाहीत. बोडी वरच्या अंगाला, शेजारच्या शामरावांची. तिचं पाणी आपल्याला कसं मिळतं, असं विचारलं की म्हणायचे, "मिळते ना बाई. आजवर मिळूनच राह्यलं." लिहून द्या म्हटलं की हसायचे. "लिवाचं काय हाये त्यात?" आणि मग ठरलेलं वाक्य, "चाला, शामरावच्या घरी चाय पिऊन येऊ."

तीनदा म्हणाले. एकदा मी गवंड्याची वाट बघत होते, एकदा ऊन फार होतं, तिसऱ्यांदा तर मी तोडूनच बोलले, "भाऊ, चहा प्यायला वेळ नाही मला. पाण्याचं बोला." "बरं बाई," ते म्हणाले आणि काठी टेकत एकटेच त्या वाटेने गेले. मला वाटलं, रिकामा म्हातारा माणूस, गप्पांना निमित्त शोधतो.

भाऊ गेल्यावर यंदा पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, तयार झाले आणि नेमकी पावसाने दडी मारली. रोवणीसाठी बाया ठरवल्या होत्या, त्या दोन दिवस येऊन परत गेल्या. खालच्या बांध्यांना भेगा पडल्या, पऱ्हे पिवळे पडत चालले. वर शामरावांची बोडी मात्र तुडुंब. शेवटी खरेदीखताची फाइल काखेत मारून मी त्यांच्या दारात गेले. मनात वकिलाची भाषा तयार होती.

शामरावांनी फाइलकडे पाहिलंही नाही. "दौलतभाऊ दरसाली रोवणीच्या आधी येत होता," ते म्हणाले. "चाय पेत होता, पानी मागत होता. मी धुरा फोडून देत होतो. आमच्या बापापासून असंच चालून राह्यलं. तुमी तर आल्याच नाई."

"पण मला कोणी सांगितलंच नाही!"

"आता हे काय सांगाचं असते?"

एवढा राग आला मला! भाऊंचा आला. एक वाक्य, भाऊ... 'चहा म्हणजे पाणी मागणं' एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं? तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, कळलं नाही तर विचारा. आणि स्वतः एकदाही विचारलं नाही, चहा कशाला म्हणून. शामरावांनी त्याच दुपारी धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून पाणी सोडलं. तोवर दोन बांध्यांचे पऱ्हे हातचे गेले होते, त्या यंदा पडीकच आहेत. रोज दारातून दिसतात आणि रोज चिडचिड होते. भांडायचं तर माणूस नाही.

त्या दिवशी शामरावांच्या बायकोने काळा चहा आणला. पेला हातात देताना म्हणाली, "भाऊ सांगून जाय, उद्या बाईले घेऊन येतो. तीन खेपा दूध मांगून आनलं होतं तुमच्यासाठी. आज घरात नाई." ओसरीत एकच बाज होती. मी पायथ्याशी टेकले होते. "तिथीच बसे भाऊ," ती म्हणाली. उठावंसं वाटलं, पण उठले नाही. तिथे बसूनच तो चहा संपवला.