मढ्याचं पोट

लहू परबला गोरेगावच्या स्टुडिओत मीच नेलं. संपात गिरणी गेल्यापासून तो घरी बसून होता. दहिसरला आम्ही एकाच चाळीत राहायचो आणि मी तेव्हा सिनेमाला गर्दीची माणसं पुरवायचो. लहू हाडकुळा, गालफडं बसलेली. पहिल्याच दिवशी त्याला मढं म्हणून झोपवलं आणि मग तेच त्याचं काम होऊन बसलं. नाकात कापूस, गळ्यात हार, अंगावर चादर. घरी बायकोला, सुगंधाला, त्यानं सांगितलं होतं की आपण लाइटी उचलतो. मलाही गप्प राहायची शपथ घातली होती.

दोनेक वर्षांनी त्याचं पोट फुगायला लागलं. सकाळी सपाट, संध्याकाळी सदऱ्याची बटणं लागत नाहीत. एकदा ऐन शॉटमध्ये चादरीखालून गुरगुर ऐकू आली आणि दिग्दर्शकाचा असिस्टंट ओरडला, "अरे, मुर्दे का पेट क्यूँ बोल रहा है?" सगळा सेट हसला. लहू मात्र पांढराफटक पडला, कारण त्याचा बाप जलोदरानं, पोटात पाणी होऊन गेला होता. आता आपली पाळी, हे त्यानं धरूनच ठेवलं. सुगंधानं आधी वाल बंद केले, मग डाळ, मग मासे. शेवटी नुसती पेज उरली. पोट फुगायचं ते फुगतच राहिलं आणि माणूस वाळत चालला.

शेवटी मी चिडलो आणि दोघांना बोरिवलीच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी सुगंधा तोंडाला पदर लावून बसली होती.

"पाणी नाही, गाठ नाही," बाई म्हणाल्या. "जलोदर असता तर सकाळी असा उतरला नसता. हा वारा आहे. तुमची आतडी हळवी झालीत, थोड्या हवेनंही ताणल्यासारखी वाटतात. पण इतकी हवा आत जाते कशी? काम काय करता?"

लहूची शपथ होती, पण मला राहवेना. "मढं होतो सिनेमात," मी म्हणालो. "शॉटआधी भसाभस हवा गिळतो आणि दाबून धरतो. पोट दिसू नये म्हणून दिवसभर उपाशी. सुटला की सोडा, आणि घरी जाऊन पातेलंभर पेज घटाघटा."

सुगंधाच्या हातातली पिशवी खाली पडली. इतकं हादरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"दोन वर्सां मी तुमच्यासाठी वडाक फेरे घालतंय," ती म्हणाली, "आणि तुमी थंय रोज मरान येतास?"

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हवा गिळायची नाही, श्वास नाकानं आणि सावकाश. सकाळी खाऊनच निघायचं, हळू जेवायचं, सोडा बंद, जेवणानंतर जरा चालायचं. सोडलेले पदार्थ एकेक करून परत सुरू करायचे, उपासानं आतडी बरी होत नाहीत. "पुरतं जाईल असं म्हणत नाही, ताब्यात राहील. पण वजन घटतच राहिलं किंवा रक्त पडलं, तर लगेच या."

महिन्याभरात ताटात मासे आले. पोट अधूनमधून फुगायचं, पण लहू घाबरायचा नाही. कामाचा निरोप आला तेव्हा सुगंधा एवढंच म्हणाली, "मी वांगडा येतलंय." तिला सोबत नको म्हणायची कोणाची छाती नव्हती.

सेटवर बायका रडायला बसल्या. लहूनं श्वास हळूच सोडला आणि पडून राहिला. गुरगुर नाही, हालचाल नाही. मढं असावं तर असं, मी खूश झालो. तेवढ्यात सुगंधा कॅमेऱ्यासमोर धावली. तिनं हार तोडला, त्याला गदागदा हलवलं. "अहो, स्वास घेवा! घेवा म्हणतंय ना!"

मग असिस्टंट शिव्या घालत सुटला. मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू? शॉटची पार वाट लागली होती.

लहू उठून बसला. सुगंधा त्याच्या छातीवरचा हात काही काढत नव्हती. त्यानं नाकातला कापूस काढून माझ्या हातात ठेवला.

"दुसरा कोण तरी बघ रे," तो म्हणाला. "हिच्यासमोर माका नाय मरूक जमूचा."