सहाची ओळ

एकवीस हा आकडा मला लहानपणापासून आवडतो, आणि तो शुभ मानतात म्हणून नाही. शुभ-अशुभाच्या गप्पा ऐकल्या की माझं डोकं फिरतं. मी कॉलेजात गणित शिकवतो. आकड्याचं कौतुक आकड्यासाठी व्हावं, एवढंच माझं म्हणणं. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. आता बारा उलटे लिहा, एकवीस होतात. त्यांचा वर्ग चारशे एक्केचाळीस, म्हणजे तोही उलटाच! हे कळलं त्या दिवशी मी आमच्या काळाचौकीच्या चाळीत दारोदार सांगत फिरलो होतो. कोणाला काही पडलं नव्हतं.

पण एकवीसचं खरं रूप दिसतं ते गणपतीच्या नैवेद्यात. गोल ताटात मधे एक मोदक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा, असे एकोणीस छान बसतात आणि दोन बिचारे उपरे राहतात. त्याऐवजी केळीच्या पानाचा निमुळता शेंडा घ्या. टोकाला एक, मग दोन, तीन, चार, पाच, सहा. संपले! ल्युडोच्या फाशावरचे सगळे ठिपके मिळवले तरी एवढेच. दरवर्षी पान मी मांडतो. मोदक मात्र एकवीसच्या एकवीस आईच्या हातचे. मालवणहून लग्न होऊन आली तेव्हापासून तिने दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता.

गेल्या वर्षी तिचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बायको हळूच म्हणाली, "आई, या वेळी दादरहून मागवूया का?" आईने तिच्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच मिटला.

चतुर्थीला सकाळीच ती उकड घेऊन बसली. कळी पाडताना बोट हलायचं, पारी फाटायची. ती मोडून पुन्हा गोळा करायची, पुन्हा वळायची. मी दारात उभा राहून बघत होतो. एवढी चिकाटी मी वर्गात कधी पाहिली नाही. आरतीची वेळ होत आली तेव्हा पंधरा झाले होते. सोळावा तिच्या हातातच फुटला, सारण साडीवर सांडलं.

"एकवीस होवचे नाय रे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

"आई, पंधराचाही त्रिकोणच होतो. एक ओळ कमी, बाकी आकार तोच."

"तुझा गणित ठेव तुझ्याकडे. देवाक एकवीस होये."

बरोबरच होतं तिचं. मी हात धुतले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलो. तिने उकडीचा गोळा माझ्याकडे सरकवला. माझे सहा झाले. एक बटाटेवड्यासारखा, बाकीचे एका कुशीवर कललेले. वाफवून निघाले तेव्हा तिला हसू आवरेना.

"ऱ्हवांदे. गणपतीचे डोळे बारीक असत, तेका दिसूचा नाय."

मी पान मांडलं. टोकापासून तिचे पंधरा, शेवटची सहाची ओळ माझी. तिने पान फिरवलं आणि माझी ओळ देवाकडे केली. मग पदर सावरत सहज म्हणाली, "फुडल्या वर्साक माझे धा. बाकीचे तू."

पंधरानंतर दहा. माझं गणित नको म्हणणाऱ्या बाईने नेमकी एक ओळ वजा केली होती. दहानंतर सहा, मग तीन, मग एक. हे मी किती वर्षं फळ्यावर रंगवून शिकवतो आहे, आणि आता मला त्यातली पुढची ओळ नको होती.

"नाही आई," मी म्हटलं, "पंधराच."